हाय म्हणणारं भूत

प्रज्ञेश ओव्हाळ मांजराला घाबरायचा. इंजिनिअरिंगला आमच्या वर्गात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे त्याच्या चॅनेलमुळे साडेतीन लाख लोकांना ठाऊक झालं. चॅनेलचं नाव होतं ‘आहे का कोणी?’. दर पंधरा दिवसांनी आम्ही पुण्यातल्या किंवा आसपासच्या एखाद्या झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या जागी जायचो. प्रज्ञेश हातात बॅटरी घेऊन आत शिरायचा, कापऱ्या आवाजात “आहे का कोणी?” असं विचारायचा, आणि कुठे खुट्ट झालं की किंचाळत बाहेर पळायचा. तो पळतो कसा हेच बघायला लोक यायचे. शिवाय घाबरला की तो फार सभ्य बोलायचा. अंधाराला “आपण कोण? आपलं काही काम होतं का?” असं विचारणारा माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

कॅमेरा माझ्याकडे असायचा आणि एडिटिंगही. मी उत्कर्षा. आठवडाभर हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मांडीवरच्या लॅपटॉपवर भुतं कापायचे. रात्री-बेरात्री बाहेर राहणं माझ्या घरी चाललं नसतं, म्हणून आमचं सगळं शूटिंग भर दुपारी व्हायचं. खिडक्यांना काळी कापडं लावायची, जमेल तेवढा अंधार करायचा. उरलेली रात्र मी कोथरूडला आमच्या घरी कम्प्युटरवर तयार करायचे.

यात एक नियम होता आणि तो प्रज्ञेशच्या वडिलांनी घातलेला होता. ओव्हाळकाका विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात देवस्की, भूतखेत असल्या गोष्टींना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. मुलाने नोकरी सोडून भुतांचे व्हिडिओ करायला घेतल्यावर काका महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी जेवताना म्हणाले की करायचंच असेल तर दर वेळी परत आत जायचं, आवाज कशाचा होता ते शोधायचं आणि लोकांना दाखवायचं. प्रज्ञेशने ते पाळलं. कोथरूडच्या एका सोसायटीत पार्किंगमध्ये रडणारं मूल म्हणजे बोका निघाला. हिंजवडीतल्या एका ऑफिसात आपोआप सहाव्या मजल्यावर थांबणारी लिफ्ट सफाईवाल्या मावशींनी बादली अडकवून थांबवलेली होती. पळून आल्यावर धापा टाकत प्रज्ञेश परत आत जायचा आणि ओशाळून ते कारण दाखवायचा. मला स्वतःला तोच भाग सगळ्यात आवडायचा.

पण दुसऱ्या वर्षी आकडे उतरायला लागले. लोक कुठे व्हिडिओ बंद करतात याचा आलेख मला दिसायचा. प्रज्ञेश पळाला की लोक निघून जात. बोका कुणालाच बघायचा नव्हता. मी त्याला ते दाखवलं आणि म्हटलं, एखाद्या वेळी शेवट गाळून बघू या. तो म्हणाला, “बाबा बघतात प्रत्येक भाग.” विषय तिथेच राहिला, पण मी तो डोक्यातून काढला नव्हता.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आम्ही लोणी काळभोरच्या अलीकडे सोलापूर रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात गेलो. तिथे नवरीचं भूत फिरतं अशी वदंता होती. मालकाच्या भाच्याने फोनवर परवानगी दिली आणि सांगितलं की चावी वॉचमनकडे आहे, तो असतोच. आम्ही पोचलो तेव्हा फाटक उघडं होतं. वॉचमनची खुर्ची होती, खुर्चीवर जेवणाचा डबा होता. तो स्वतः नव्हता. शेजारी गेला असेल म्हणून आम्ही दहा मिनिटं थांबलो आणि मग सरळ आत शिरलो. खरं सांगायचं तर, बरंच झालं असं मला वाटलं. शूटिंगला उगाच कोणी मध्ये उभं राहिलं की प्रज्ञेश नीट घाबरत नसे.

जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये मी एक कॅमेरा स्टँडवर लावला, दुसरा हातात घेतला. हॉलच्या मागे भटारखाना, आणि त्याच्या मागच्या अंगणात जाणारं दार. दारातून प्रज्ञेशने बाहेर डोकावलं. अंगणात निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या, एक सरळ आणि एक उलटी पडलेली. तो कॅमेऱ्याकडे वळून कुजबुजला, “भूत संस्कारी दिसतंय. चपला बाहेर काढून आत गेलंय.” मी हसले. माझं हसू त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

मग तो हॉलच्या मधोमध उभा राहिला, बॅटरी छतावर मारली आणि विचारलं, “आहे का कोणी?”

नेहमीप्रमाणे चार-पाच सेकंद काही झालं नाही. आणि मग कुठूनतरी खालून, घुमत, लांबलेला आवाज आला, “हाय…”

प्रज्ञेश जसा ओरडला, तसा त्याआधी कधी ओरडला नव्हता. “क्षमस्व, क्षमस्व” म्हणत तो पळाला, एका खुर्चीला अडखळून पडला, उठला, फाटकाच्या बाहेर जाऊन रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीवर थांबला. मीही पळाले. मी त्याच्याइतकी भित्री नाही. पण तो आवाज जमिनीतून आला होता.

स्टँडवरचा कॅमेरा आतच राहिला. तो भाड्याचा होता, सोडून जाता येईना. रसवंतीवाल्याला आम्ही सोबत चल म्हटलं, तर तो हसला आणि गुऱ्हाळाचं चाक फिरवत राहिला. जवळजवळ पाऊण तासाने प्रज्ञेशने हेडफोन कानावर चढवले, गाणी मोठ्याने लावली, स्वतःही मोठ्याने गुणगुणत आत गेला आणि स्टँडसकट कॅमेरा उचलून धावत बाहेर आला. ते बघून मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं.

परतताना तो हडपसरच्या आसपास म्हणाला, “उत्कर्षा, परत जाऊन बघायला हवं. काय होतं ते बघायला हवं ना.”

मी म्हणाले, “या वेळी राहू दे. पाइपातून वारा आला असेल. बाबांना मी सांगते.”

मी त्यांना काहीही सांगितलं नाही.

तो भाग मी शुक्रवारी टाकला. त्या ‘हाय’ला मी आणखी थोडा घुमारा चढवला आणि खाली अक्षरं टाकली, ‘भूत : Hi’. बस्स, तेवढंच. दोन दिवसांत तो आठ सेकंदांचा तुकडा महाराष्ट्रभर फिरला. भूत अदबीने हाय म्हणतंय आणि माणूस क्षमस्व म्हणत पळतोय, यावर लोक लोळून लोळून हसले. लग्नाच्या व्हिडिओंत नवरीने घुंगट उघडला की तो आवाज, परीक्षेचा निकाल आला की तो आवाज, सासूबाई दारात आल्या की तो आवाज. चॅनेल साडेतीन लाखांवरून अकरा लाखांवर गेलं. प्रज्ञेशला कॉलेजांच्या गॅदरिंगला बोलवायला लागले. ओव्हाळकाकांनी मात्र फोन करून एकच प्रश्न विचारला होता, “शेवट कुठे आहे?” प्रज्ञेशने काहीतरी उडवाउडवीचं उत्तर दिलं.

जूनमध्ये चॅनेलच्या पत्त्यावर एक ईमेल आला. राधा नावाच्या मुलीने लिहिलं होतं की त्या भागाबद्दल बोलायचं आहे, समोर भेटूनच बोलायचं आहे. तिकडच्याच कॉलेजात नर्सिंगला आहे असंही होतं. मला ती चाहती वाटली. रविवारी सकाळी तिला मी घरी बोलावलं आणि प्रज्ञेशलाही ये म्हटलं.

ती वेळेवर आली. एकोणीस-वीस वर्षांची, पाठीला सॅक, चप्पल दाराबाहेर नीट काढून ठेवलेली. पाणी दिलं ते तिने हातात धरलं, प्यायली नाही. मग फोनवर तो तुकडा लावला. प्रज्ञेश सवयीने हसला.

“हा माझ्या पप्पांचा आवाज आहे,” ती म्हणाली.

आम्हाला काही कळलंच नाही. तिने सावकाश सांगितलं. तिचे वडील दशरथ त्या कार्यालयावर वॉचमन होते. मागच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची जुनी टाकी आहे. सकाळी झाडलोट करताना ते टाकीवरच्या पत्र्यावर उभे राहिले, पत्रा गंजलेला होता, तो एका बाजूने फाटला आणि ते खाली गेले. पायाचं हाड मोडून बाहेर आलं. फोन खालच्या चिखलपाण्यात पडला. चोवीस तासांची ड्यूटी असल्यामुळे रात्री घरी आले नाहीत याचं कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई शोधत गेली तेव्हा सापडले. घाण पाण्यात इतका वेळ राहिल्याने जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तीन महिने ती त्यातच होती, फोन बघायला सवड नव्हती. परवा मेसमध्ये मैत्रिणीने हसत हसत तिला हा तुकडा दाखवला. मग तिने पूर्ण भाग शोधून पाहिला. चपला ओळखल्या. तिनेच त्या दिवाळीला घेतल्या होत्या.

“ते हाय-हॅलोवालं हाय नाही म्हणाले,” राधा म्हणाली. “तुम्ही विचारलंत, आहे का कोणी. ते म्हणाले, हाय.”

माझ्या आजोळी सगळे हाय म्हणतात. भात हाय का, पाणी हाय का, मामा घरी हाय का. मी लहानपणापासून ते ऐकत आले होते, आणि तरी मी त्या शब्दाखाली इंग्रजी अक्षरं टाकली.

प्रज्ञेश भिंतीला टेकून खाली बसला होता. राधा म्हणाली की ती भांडायला आलेली नाही. मालक सगळीकडे सांगतो आहे की दशरथ दारू पिऊन रात्री पडला, आमचा काही संबंध नाही. तिला एवढंच हवं होतं की आमच्याकडे मूळ रेकॉर्डिंग असेल तर त्यावरची वेळ आणि आवाज नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडता येईल. पप्पा शुद्धीत होते हे त्यावरून कळेल.

मी काहीही पुसत नाही. सगळं एका हार्ड डिस्कमध्ये असतं. हातातल्या कॅमेऱ्याचं मी कापलं होतं, स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं मात्र उघडूनही पाहिलं नव्हतं. ओरडणं मिळाल्यावर मला बाकी कशाची गरज नव्हती. सत्तेचाळीस मिनिटांची फाइल होती. मी ती लावली आणि आवाज वाढवला.

पडद्यावर रिकामा हॉल आणि पडलेली खुर्ची. आमची पावलं लांब जातात. मग तो आवाज येतो. घुमतो, पण एकेक शब्द समजतो.

“अहो दादा, पळू नका. मी वॉचमन हाय इथला. मागं टाकीत पडलोय.”

मध्ये रस्त्यावरचे ट्रक, हॉर्न. पुन्हा हाका. मग बराच वेळ काही नाही. पडद्यावर काळ्या कापडाची कड तेवढी वाऱ्याने हलते. आणि मग तो म्हणतो, “नंबर सांगतो, लिवून घ्या. पोरीचा हाय. राधाचा.” आणि दोन-दोन आकडे सांगून थांबतो, समोरच्याला लिहायला वेळ द्यावा तसा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. असा त्याने तीनदा नंबर सांगितला.

राधा तोंडावर हात ठेवून ऐकत होती. नंबर तिचाच होता. आकडे संपत तेव्हा तिची मान किंचित हलायची, बरोबर आहे म्हणाल्यासारखी.

शेवटच्या मिनिटात पावलं ऐकू आली आणि प्रज्ञेशचं मोठमोठ्याने गुणगुणणं. टाकीतल्या माणसाने ती पावलं ऐकली. त्याचा आवाज एकदम चढला. “आलात का? हिकडं, मागं या. पत्रा बघून पाय टाका.” मग पडद्यावर प्रज्ञेशचा हात आला, चित्र हिंदकळलं आणि बंद पडलं.

राधा त्याच्याकडे वळली. “तुम्ही परत आला होतात?”

“हो.”

“मग ऐकू नाही आलं?”

“कानात गाणी लावली होती,” प्रज्ञेश म्हणाला. “भीती वाटत होती म्हणून.”

ती रागावली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं. तिने सॅकमधून पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. मी फाइल उतरवत असताना प्रज्ञेशने तिला म्हटलं की तो जाहीर माफी मागेल, व्हिडिओ करेल, सगळं खरं सांगेल, अकरा लाख लोक बघतील.

“नको,” राधा म्हणाली. “त्यातपण तुम्हीच असाल.”

त्या संध्याकाळी प्रज्ञेशने ती फाइल वडिलांना ऐकवली. काकांनी चष्मा काढून शेवटपर्यंत ऐकली. प्रज्ञेशनेच मला नंतर सांगितलं, ते म्हणाले, “घाबरलास त्याचं काही नाही. परत आत गेलास आणि बघितलं नाहीस. मी तुला ते एकच सांगितलं होतं.” त्याने माझं नाव घेतलं नाही. शेवट गाळायला मी सांगितलं होतं हे काकांना आजही माहीत नाही. मी दोनदा त्यांच्या विश्रांतवाडीच्या घरी सांगायला म्हणून गेले आणि चहा पिऊन आले.

पुढच्या आठवड्यात आम्ही लोणीला दशरथना भेटायला गेलो. ते बाहेर बाजेवर बसले होते, कुबड्या शेजारी. बारीक, व्यवस्थित भांग पाडलेला माणूस. प्रज्ञेशने त्यांच्या पायाला, म्हणजे उरलेल्या पायाला हात लावला आणि माफी मागायला लागला. दशरथनी त्याला बाजेवर बसायला सांगितलं.

“आवाज आला व्हता ना तुमास्नी?” त्यांनी विचारलं.

“आला होता.”

“मग पळालात का?”

“भूत वाटलं.”

“भुतानं फोन नंबर दिला असता व्हय?” ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. मग म्हणाले, “तुमी हसत व्हता. आतनं ऐकू येत व्हतं. मला वाटलं, कार्याची बोलणी करायला मंडळी आली, आता काढतील.” हसत मी होते. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आत बघून चहा टाकायला सांगितलं.

आम्ही दोघांनी लेखी जबाब दिले. रेकॉर्डिंगवर दुपारचे दोन वीस होते आणि माणूस शुद्धीत बोलत होता, त्यामुळे दारूची गोष्ट टिकली नाही. आठ महिने गेले, पण राधाच्या अर्जाचं काम झालं. चॅनेल प्रज्ञेशने त्याआधीच बंद केलं होतं. शेवटी चार ओळी लिहून टाकल्या की तो आवाज एका जखमी माणसाचा होता, कृपा करून वापरू नका. त्याखाली शेकडो लोकांनी लिहिलं की जाहिरात जबरदस्त आहे, पुढचा भाग कधी. तो तुकडा आजही फिरतो. तो पुसायचा कसा, कुणाला लिहायचं, हे मी महिनोन्‌महिने करून पाहिलं. एका ठिकाणी बंद झाला की तीन ठिकाणी दिसतो.

प्रज्ञेश आता कोथरूडलाच एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. पहिल्या दिवशी वर्गात शिरला तेव्हा साठ मुलं एका सुरात “हाय सर” म्हणाली. त्याने खडू उचलला आणि तारीख लिहिली. मुलांना कधीतरी सांगणार आहेस का, असं मी विचारलं. त्याला ठरवता येत नाही. सांगितलं तर ती मुलं त्याचा चेहरा बघतील, दशरथचा नाही, असं तो म्हणतो.

या मार्चमध्ये आम्ही पुन्हा लोणीला गेलो. आधी फोन केला नव्हता, केला असता तर कदाचित नको म्हणाले असते. राधाला नोकरी लागून ती हॉस्टेलवर राहायला गेली होती. दशरथना कृत्रिम पाय बसवला होता आणि ते जवळच्या रोपवाटिकेत कामाला जायला लागले होते. बसून करायचं काम, पिशव्यांत माती भरायचं. घरी त्यांची बायकोच होती. तिने आम्हाला ओळखलं. आत बोलावलं, सतरंजी टाकली, चहा केला. प्रज्ञेशने विचारलं की चालायला त्रास होतो का त्यांना. ती म्हणाली, चढावर होतो. मग मी विचारलं की काही लागतं का, तर ती नाही म्हणाली. आम्ही चहा संपवला. ती कपबशा उचलून मोरीपाशी घेऊन गेली आणि धुवायला बसली, आमच्याकडे पाठ करून. पाणी वाहत होतं. जाऊ का, असं विचारावं की न विचारता उठावं, हे आम्हाला बराच वेळ कळलं नाही.